गावातून टॉप सर्जरीपर्यंत: मार्च 2021 ते डिसेंबर 2024

माझी टॉप सर्जरी डिसेंबर 2024 मध्ये नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात झाली. डॉक्टरसमोर बसून "मी मुलगी नाही" हे पहिल्यांदा तोंडाने बोललो तो मार्च 2021. मधल्या काळात काय काय झालं ते महिन्यांसकट आणि खर्चासकट लिहितोय. मी शोधत होतो तेव्हा मराठीत जे सापडायचं ते मुंबई-पुण्याच्या खासगी दवाखान्यांबद्दल असायचं. पैनगंगेच्या अलीकडच्या खेड्यातून, पाच एकर कोरडवाहूच्या घरातून हे करायचं तर आधी कोणता कागद काढायचा, मुक्काम कुठे करायचा, कपाशीच्या हंगामात घरच्यांना काय सांगायचं, हे कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

मी ट्रान्सपुरुष आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण मी पुरुष आहे. टॉप सर्जरी म्हणजे स्तनांच्या ऊती काढून छाती सपाट करण्याचं ऑपरेशन. गर्भाशय काढण्याचं, जननेंद्रियांचं अशी आणखीही ऑपरेशनं असतात, पण ती प्रत्येकाला हवी असतातच असं नाही. मला हे एवढं हवं होतं. जिल्ह्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण घरचे तिथेच राहतात आणि मीही तिथेच राहतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या कामात रांगा बऱ्याच आहेत: मानसोपचार विभागाची, हार्मोनच्या डॉक्टरची, ट्रान्सजेंडर ओळखपत्राच्या कार्यालयाची, ऑपरेशनच्या यादीची. एक संपली की दुसरी धरायची, असं मला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात यातल्या काही रांगा एकाच वेळी धरता येतात. माझ्या वेळी ओळखपत्राला डॉक्टरचा कागद लागत नव्हता, त्यामुळे तो अर्ज पहिल्याच महिन्यात करता आला असता. माझं वर्षाहून जास्त यात गेलं, तुमचं जाऊ नये.

सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीपासून झाली. लॉकडाऊनच्या वर्षी घरी बसून फोनवर वाचत असताना सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल सापडला होता. आपलं लिंग काय हे माणसाने स्वतः ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. ते वाचल्यापासून मनाला धीर आला होता. ओपीडीतले डॉक्टर तरुण होते. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मी अशी केस कधी हाताळलेली नाही. नागपूरला पाठवतो, पण तोवर इथे येत राहा." त्यांनी केसपेपरवर रेफर लिहून दिलं. तो कागद जपा. मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर "कुणी पाठवलं?" हा पहिला प्रश्न असतो.

नागपूरला जायला ऑगस्ट उजाडला. पेरणी झाली, निंदण-डवरण झालं, मग घरातून निघता आलं. आमच्या गावाहून नागपूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. गावातून तालुक्याला एक एसटी, तिथून दुसरी. पहाटेच्या गाडीने निघालं तरी पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद व्हायची वेळ होते. म्हणून आदल्या रात्रीच पोचायचं. मी ओळखीच्या एका मुलाच्या खोलीवर थांबायचो. नागपुरात सारथी ट्रस्टसारख्या संस्था एलजीबीटीक्यू लोकांसाठी काम करतात. पहिल्या खेपेआधी अशा कुणाशी तरी बोलून घ्या. अनोळखी शहरात या कामासाठी एकट्याने फिरणं जड जातं.

मानसोपचार विभागात महिन्या-दीड महिन्याने बोलावायचे. तिथले निवासी डॉक्टर बदलत राहतात, त्यामुळे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागायचं. लहानपणी काय वाटायचं, पाळी आली तेव्हा काय झालं, कुणावर प्रेम आहे का. तेच तेच सांगताना घसा दाटून यायचा. मग मी एका पानावर सगळं मराठीत लिहून काढलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि नव्या डॉक्टरांच्या हातात आधी तो कागद द्यायला लागलो. त्याने फार फरक पडला. मानसशास्त्रीय चाचण्याही झाल्या, चित्रं दाखवून विचारतात, लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. त्यात पास-नापास नसतं, घाबरू नका.

घरच्यांपैकी कुणाला तरी घेऊन या, असं ते सांगतात. मी सज्ञान, कायद्याने माझी सही पुरते, पण तिथे त्यांनी आग्रह धरला. बाबा जानेवारी 2022 मध्ये आले, कपाशीची दुसरी वेचणी उरकल्यावर. घरी तोवर एवढंच माहीत होतं की मी "नागपूरच्या डॉक्टरकडे" जातो. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मंग हे औषधानं बरं होते काय, डॉक्टरसाहेब?" डॉक्टर म्हणाल्या, "काका, हा आजारच नाही, तर बरं काय करायचं?" मग त्यांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-11, त्याच महिन्यापासून लागू झाली आहे आणि तिने हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला आहे. बाबांना यादीबिदी किती कळली माहीत नाही. परतताना एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले आणि मग म्हणाले, "तुले जे करा लागते ते कर. पण पऱ्हाटीच्या हंगामात माह्या एकट्याच्यानं होत नाही, ते ध्यानात ठेव."

फेब्रुवारी 2022 मध्ये जेंडर डिस्फोरियाचं, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग जुळत नसल्याच्या त्रासाचं प्रमाणपत्र हातात आलं. आमच्यातले सगळे त्याला जीडी लेटर म्हणतात. त्याच्या मूळ प्रती दोन मागून घ्या. हार्मोनवाले एक ठेवून घेतात, सर्जनना दुसरी लागते. काही ऑपरेशनांसाठी दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मतही मागतात. ते आधीच विचारून ठेवा.

एप्रिल 2022 मध्ये एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू झालं. आधी रक्ताच्या तपासण्या, लिव्हर, कोलेस्टेरॉल, सोनोग्राफी. त्यातल्या काही बाहेरच्या लॅबमधून कराव्या लागल्या, साडेतीन हजारांच्या आसपास गेले. पुढे मूल हवं असेल तर काय, हेही डॉक्टरांनी सुरू करण्याआधीच विचारलं. औषधाचा अंडाशयांवर परिणाम होतो, तेव्हा या प्रश्नावर घरी शांतपणे विचार करून जा. मला इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी होतं, स्नायूत घ्यायचं. एकाला साडेतीनशे-चारशे रुपये. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते नसायचं, नागपूरहून दोन-तीन एकदम आणायचो.

आता प्रश्न असा की गावात ते टोचणार कोण? मी उपकेंद्रातल्या सिस्टरकडे गेलो. या सिस्टर मला लहानपणापासून ओळखतात, लसी त्यांच्याच हातच्या. प्रिस्क्रिप्शन पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "तुह्या मायले माहीत हाय?" मी हो म्हणालो. "मंग झोप इकडं." एवढंच. त्यानंतर आजतागायत माझं इंजेक्शन त्याच देतात. औषध तेलात असतं. हिवाळ्यात ते इतकं घट्ट होतं की सुईतून उतरत नाही. सिस्टर ती बाटली मुठीत धरून ठेवायच्या आणि तेवढ्या वेळात शेजारच्या बाईच्या बाळाचं वजन करून यायच्या.

उन्हाळ्याची अडचण उलटी. हे औषध तीस अंशांच्या आत ठेवायचं असतं आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. घरात फ्रिज नाही. मायने उपाय काढला: रांजणाखालच्या ओल्या वाळूत स्टीलचा डबा रोवायचा, त्यात औषध, वरून घट्ट झाकण. आमची ती वाळू दुपारीही गार राहायची.

बाइंडरबद्दलही सांगतो. छाती दाबून बसवणारी ही बंडी मी ऑनलाइन मागवली, हजाराच्या आत मिळाली. त्याआधी क्रेप बँडेज गुंडाळणारी मुलं मला भेटली आहेत. तसं कृपा करून करू नका, श्वास कोंडतो, बरगड्या दुखावतात. बाइंडरसुद्धा आठ तासांच्या वर नको आणि झोपताना तर नाहीच. मी कृषी सेवा केंद्रात काउंटरवर काम करतो. एप्रिल-मेमध्ये खताच्या पोत्यांजवळ ती बंडी घालून उभं राहिलं की घामाने छातीखाली कातडी सोलून निघायची. पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन ती दोन मिनिटं सैल करायचो आणि पुन्हा काउंटरवर यायचो. ऑपरेशनची वाट पाहणं म्हणजे रोजच्या दिवसात नेमकं काय, हे कुणी विचारलं तर मला ते खत ठेवलेलं गोदाम आठवतं. "तातडीचं नाही" असा शेरा माझ्या कागदावर होता. डॉक्टरी भाषेत तो बरोबर असेल, पण माझी रोजची दुपार त्या शेऱ्यात कुठेच नव्हती.

आवाज दोन-तीन महिन्यांत फुटायला लागला. शेतकरी विचारायचे, "सर्दी झाली काय?" मी हो म्हणायचो. नंतर दाढीची लव आली आणि लोकांनी विचारणं बंद केलं. काहींनी दुकानात येणंही बंद केलं. मालकांनी एकदा बाजूला बोलावून विचारलं, "हिशोब तूच पाहशील ना?" मी म्हणालो, हो. त्यांनी पुढे विषय काढला नाही, आणि पगारही कापला नाही.

ओळखपत्राचा अर्ज मी जून 2022 मध्ये भरला. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 2019 चा, लागू झाला 10 जानेवारी 2020 ला. त्यातल्या कलम 6 खाली जिल्हाधिकारी ओळख प्रमाणपत्र देतात. अर्ज ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. मला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागलं. प्रतिज्ञापत्र मी सेतू केंद्रात करून घेतलं. तेव्हाच्या, 2020 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की कोणत्याही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीशिवाय, केवळ प्रतिज्ञापत्राच्या आधारे अर्ज पुढे न्यायचा आणि 30 दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. माझा अर्ज पावसाळाभर पडून राहिला. संबंधित कार्यालयात चौकशीला गेलो तर टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "ऑपरेशनचं सर्टिफिकेट आणा, मग पाहू." मी नियमांची प्रिंट काढून, ती ओळ पिवळ्या पेनने रंगवून घेऊन गेलो. त्यांनी ती वरच्या साहेबांकडे नेली. साहेबांनी खुर्ची दिली, वाचलं आणि म्हणाले, "आमच्याकडे असे अर्ज फारसे येतच नाहीत हो." प्रमाणपत्र डिसेंबरात आलं. प्रिंट जवळ ठेवा, आवाज चढवू नका, आणि अर्ज क्रमांकाचा कागद दर वेळी सोबत न्या.

ऑपरेशनसाठी प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत नाव लिहिलं ते सप्टेंबर 2022 मध्ये. आमच्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात हे करणारं मला कुणी सापडलं नाही. नागपूरच्या सर्जननी तपासलं, फोटो काढले, दोन्ही बाजूंना आडवी चीर देऊन करावं लागेल असं कागदावर आकृती काढून समजावलं. स्तनाग्रं काढून, लहान करून पुन्हा बसवतात, त्यांची संवेदना पूर्वीसारखी राहीलच असं नाही, हेही सांगितलं. मग म्हणाले, "तुझं नाव यादीत टाकतो, पण ही यादी कशी चालते ते ऐकून घे." प्लास्टिक सर्जरीकडे भाजलेले रुग्ण येतात, अपघातात हात चिरडलेले येतात, दुभंगलेल्या ओठांची बाळं येतात, कॅन्सरनंतरची कामं असतात. ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, वार ठरलेले, भूलतज्ज्ञ मोजके. ज्याचं थांबू शकतं ते थांबतं. माझ्यासारख्यांचं कायम थांबवता येण्यासारखंच धरलं जातं.

तारीख मिळाली मार्च 2023 ची. रजा टाकली, तूर काढून झाली होती, माय तयार होती. 14 मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. नर्सेसही त्यात होत्या. ठरलेली ऑपरेशनं पुढे गेली, त्यात माझंही गेलं. संप आठवड्याभरात, 20 तारखेला मिटला, पण तोवर त्या दिवसांचे सगळे रुग्ण पुढच्या दिवसांवर चढले होते.

त्याच आठवड्यात, 17 मार्चला, एसटीत महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. गावच्या गाडीचा कंडक्टर मला लहानपणापासून ओळखतो, तो न विचारता हाफ फाडायचा. तालुक्याहून नागपूरच्या गाडीत बसलो की तिथला कंडक्टर माझ्याकडे पाहून न विचारता फुल फाडायचा. एकाच प्रवासात दोन तिकिटं खिशात असायची. काही महिन्यांनी मी गावच्या कंडक्टरला म्हणालो, "भाऊ, मले फुल दे." तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, गाडीतल्या बायकांकडे पाहिलं, आणि फुल दिलं. तेव्हापासून फुलच देतो.

दुसरी तारीख त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची होती. भरती झालो, रक्त तपासलं, भूलवाल्यांनी फिटनेस दिला. सकाळी उपाशीपोटी बसलो होतो. रात्रीतून एका घरातले भाजलेले तिघं आले होते, त्यात एक लहान मुलगी. अकराच्या सुमारास सिस्टरने येऊन सांगितलं, आज होणार नाही. त्या मुलीचं रडणं आम्हाला ऐकू येत होतं. मी काय बोलणार होतो? दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज घेतला. घरी आल्यावर चार दिवस कुणाशी बोललो नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: त्या मुलीला आधी घेणं बरोबर होतं, आणि एवढ्या मोठ्या विभागासाठी ओटी नि भूलतज्ज्ञ इतके कमी असणं बरोबर नाही. 2019 च्या त्याच ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम 15 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय करणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तमिळनाडूने 2008 मध्ये ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ काढलं आणि तिथे सरकारी रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत होऊ लागली. म्हणजे हे करता येतं.

त्या हिवाळ्यात खासगीची चौकशी केली. पुण्यातल्या एका दवाखान्याने फोनवर पावणेदोन लाख सांगितले, राहणं-खाणं वेगळं. 2023-24 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,020 रुपये होता. त्या भावाने पावणेदोन लाख म्हणजे पंचवीस क्विंटल कापूस. आमच्या पाच एकरांत चांगल्या सालीही तेवढा निघत नाही, आणि जो निघतो त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी जायची असते. बाबा एका रात्री जेवताना म्हणाले, "एक एकर काढून टाकू." मायने भाकरी थापता थापता हात थांबवला. मी नाही म्हणालो. विदर्भात जमीन दवाखान्यापायी गेलेली घरं मी दुकानाच्या काउंटरवरून रोज पाहतो. जे काम कायद्याने सरकारवर सोपवलंय त्यासाठी बापाची जमीन जावी, हे मला मान्य नव्हतं. कुणी वेगळं ठरवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. थांबणंही फुकट नसतंच.

योजनांचंही सांगतो, कारण सगळे विचारतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राने मनापासून शोधलं, पण माझ्या ऑपरेशनचं पॅकेज त्याला यादीत सापडलं नाही. आयुष्मान भारत टीजी प्लस नावाची वेगळी सोय केंद्राने जाहीर केली, त्याचा करार 24 ऑगस्ट 2022 ला झाला, ट्रान्सजेंडर व्यक्तीला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण. त्यासाठी पोर्टलचं ओळख प्रमाणपत्र लागतं. मी विचारलं तेव्हा माझ्या रुग्णालयात ते चालू नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा पुन्हा विचारा, दर वेळी विचारा. आणखी एक: 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या विभागाखाली येत नाहीत. म्हणून ज्या तपासण्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतात त्या तिथे करून रिपोर्ट घेऊन जा. माझे बरेच पैसे त्याने वाचले.

2024 मध्ये माझ्या सर्जनची बदली झाली. नव्या सर्जननी पुन्हा तपासलं, पुन्हा फोटो, आणि तारीख दिली ऑगस्टची. त्या जुलैत गावात लाडकी बहीणचे फॉर्म भरणं सुरू होतं. अंगणवाडीच्या ताई रेशनकार्डावरची जुनी नावं घेऊन आमच्या दारात आल्या. महिन्याला दीड हजार. माय काही बोलली नाही, मी ताईंना माझं ट्रान्सजेंडर ओळखपत्र दाखवलं, त्यांनी नाव खोडलं आणि चहा पिऊन गेल्या.

9 ऑगस्टला कोलकात्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिला मारून टाकण्यात आलं. देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, महाराष्ट्रातलेही. फक्त तातडीची ऑपरेशनं सुरू राहिली. मला फोन करणारी निवासी डॉक्टर त्याच वयाची असेल. "दादा, सॉरी, या वेळी पण नाही," म्हणाली. मी तिला म्हणालो, तुम्ही सांभाळून राहा. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं.

डिसेंबरात फोन आला तेव्हा कपाशी फुटून पांढरी झाली होती आणि वेचायला मजूर मिळत नव्हते. बाबांनी सांगितलेली तीच वेळ. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा. कापूस कुठी पळून नाही जात." मावशी आणि तिच्या दोन सुना वेचायला आल्या.

भरती होताना प्रश्न आला, पुरुषांचा वॉर्ड की बायकांचा. ओळखपत्रावर तोवर ट्रान्सजेंडर होतं. दोन टेबलांवर चर्चा झाली, मी फाइल धरून उभा. शेवटी इन्चार्ज सिस्टरनी ठरवलं: ड्रेसिंग रूमजवळची छोटी खोली. हा प्रश्न येणार हे धरून चला आणि तारीख मिळते त्याच दिवशी सिस्टरशी बोलून ठेवा. एक बाटली रक्त द्यायला माणूस लागतो, तो आधी ठरवा. सोबत राहायला एक नातेवाईक, अंथरूण, सतरंजी, गरम पाण्याचा थर्मास. पुढून चेन किंवा बटणं असलेले शर्ट न्या. डोक्यातून घालायचे कपडे महिनाभर उपयोगाचे नाहीत.

ऑपरेशन साडेतीन-चार तास चाललं म्हणे. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर घट्ट पट्ट्या, दोन्ही काखांखालून एकेक नळी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा, ड्रेन. वेदना होती, पण औषधांनी आवाक्यात होती. मळमळीने जास्त हैराण केलं.

त्या ड्रेनमध्ये दिवसभरात किती पाणी जमतं ते मोजून लिहावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, तिसाच्या खाली आलं की काढू. माय शाळेत गेलेली नाही, पण फवारणीच्या औषधाचे एमएल तिला चांगले कळतात, पंपाला किती टाकायचं ते वर्षानुवर्षं तीच मोजते. पहिल्या दिवशी सिस्टरनी दाखवलं आणि मग मायने ते काम घेतलं. डबा उजेडाकडे धरायची, डोळ्याच्या पातळीला आणायची, रेघ पाहायची आणि मला सांगायची, "साठ. डावीकडं पंचावन." मी वहीत लिहायचो. तिसाच्या खाली आलं त्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांना तिनेच आधी सांगितलं, "आज काढा लागते आता."

आठवड्याभराने स्तनाग्रांवरची पट्टी उघडली. रंग काळपट असतो, खपल्या धरतात, पाहून दचकू नका. घट्ट बसणारी बंडी सहा आठवडे, ती बावीसशेला बाहेरून घेतली. औषधं, टाके, ड्रेसिंगचं सामान, जाणं-येणं, मायचं जेवण धरून या भरतीचे अठरा हजारांच्या आत झाले. आधीच्या वर्षांतल्या खेपा, इंजेक्शनं, तपासण्या वेगळ्या. परतताना एसटीत मधल्या सीटवर बसा, मागची सीट टाळा, आणि छातीपुढे उशी धरा. आमच्याकडच्या रस्त्यांवर ती उशी फार कामाची.

दीड महिना हात खांद्यावर न्यायचे नाहीत, वजन उचलायचं नाही. उजव्या बाजूला टाक्याची कड थोडी उघडली होती. फोटो काढून निवासी डॉक्टरांना पाठवला, त्यांनी सांगितलं तसं ड्रेसिंग उपकेंद्रातल्या सिस्टरनी केलं, त्यासाठी नागपूर गाठावं लागलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी कुणाला फोटो पाठवायचा ते विचारूनच निघा. फेब्रुवारीत दुकानात परत रुजू झालो, पोती उचलायला मार्च संपला. एप्रिलमध्ये साध्या सुती शर्टवर, आत काहीही न घालता, दिवसभर काउंटरवर उभा राहिलो. ऊन तेच होतं. मी मोकळा श्वास घेत होतो.

कागदांचं काम अजून चालू आहे. ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम 7 खाली ऑपरेशननंतर "पुरुष" असं सुधारित प्रमाणपत्र मिळतं. त्याला रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं प्रमाणपत्र लागतं. ते डिस्चार्जच्या वेळीच मागा. मला नंतर त्या सहीसाठी वेगळं जावं लागलं. फेब्रुवारी 2025 मध्ये अर्ज, मेमध्ये प्रमाणपत्र. त्यावर आधारकार्ड झालं, बँकेचं झालं, नावासाठी राजपत्राचं काम ऑनलाइन झालं. रेशनकार्डावर नाव बदललं आणि बाबांनी ते कार्ड घरी आणून मायच्या हातात दिलं, तिने डब्यात ठेवलं.

दहावी-बारावीची मार्कशीट राहिली आहेत. शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव गेलाय. ओळख प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला सगळ्या कागदपत्रांवर नाव बदलून घेण्याचा हक्क याच कलमात आहे, ती प्रतही जोडली आहे. हे लिहितोय नोव्हेंबर 2025 मध्ये, अजून उत्तर नाही. दिवाळीनंतर शाळेचे बाबू म्हणाले, एक त्रुटी निघाली आहे, जुन्या नावाचा जन्मदाखला पुन्हा जोडा. सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन तो काढायचा आहे.